रोजच्या वस्तूंचं चित्र दरवेळी खोटं का दिसतं? दोष कसा शोधायचा, कसा काढायचा

समोर कप ठेवला, मान अवघडेपर्यंत बसून रेखाटला, कडेची रेघसुद्धा जपून फिरवली. उठून चार पावलं मागे गेलात आणि लक्षात आलं की कप ओळखू येतो, पण खरा वाटत नाही. पुढच्या वेळी चप्पल घेतली, मग खिडकी, मग खुर्चीवर टाकलेला शर्ट. दरवेळी शेवट तोच. वास्तवदर्शी चित्रं काढू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते आणि तिच्यावर बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: सराव वाढवा. सरावाने हात सफाईदार होतो हे खरं. पण दोष नेमका कुठे आहे हेच कळलं नसेल, तर पुढच्या चित्रात तोच दोष अधिक सफाईने उतरतो.

माझं ठाम मत आहे की रोजच्या वस्तूंच्या चित्रात बिघाड हातात क्वचितच असतो, तो ओळखीत असतो. ज्या वस्तूला दिवसातून दहादा हात लागतो, तिच्याकडे बघणं आपण केव्हाच सोडलेलं असतं. कप गोल, टेबल चौकोनी, शर्ट पांढरा हे आधीच ठाऊक असल्यामुळे नजर वस्तूवरून ओझरती फिरते आणि हात माहितीवरून काढत सुटतो. एखाद्या अनोळखी यंत्राचा सुटा भाग समोर ठेवून बघा. तो बरेचदा जास्त बरोबर येतो, कारण त्याच्याबद्दल डोक्यात आधीपासून काही तयार नसतं. खालचे बहुतेक उपाय याच एका गोष्टीसाठी आहेत: माहिती बाजूला सारून नजरेला कामाला लावायचं.

आधी निदान, मग खोडरबर

चित्र खटकलं की लगेच खोडायला घेऊ नका. काय खटकतंय हे न कळता केलेली दुरुस्ती बरोबर भागही बिघडवते. आधी तीन परीक्षा घ्या.

पहिली आरशाची. चित्र आरशात बघा. डोळा आपल्याच चुकांना सरावलेला असतो. प्रतिमा उलटली की कललेली कड, एका बाजूला झुकलेली बाटली, लहानमोठे डोळे झटकन दिसतात. हा उपाय फार जुना आहे. इटलीतल्या अल्बर्टी या कलाविषयक लेखकाने १४३५ च्या सुमारास चित्रकारांना आरशालाच परीक्षक करायला सांगितलं होतं, आणि पुढे लिओनार्दो दा विंचीनेही तेच सुचवलं. आज आरसा नसला तरी फोन बंद करून त्याच्या काळ्या पडद्यात चित्र बघता येतं. त्यात एक जादा फायदा आहे: काळ्या काचेत रंग मंदावतात आणि उजेड-अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात.

दुसरी परीक्षा डोळे किलकिले करण्याची. पापण्या अर्ध्या मिटून आधी वस्तूकडे आणि मग चित्राकडे बघा. बारकावे पुसट होतात. वस्तू अजूनही ठळक दिसतेय आणि चित्र मात्र एकसारखं करडं झालंय, तर दोष छायाप्रकाशात आहे.

तिसरी परीक्षा अंतराची. चित्र वस्तूच्या शेजारी उभं करा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. मांडीवर आडव्या धरलेल्या वहीत काढलेली चित्रं इथे हमखास पकडली जातात. कागदाकडे आपण तिरकं बघत असतो, त्यामुळे वरचा भाग नकळत लांबट निघतो. उपाय साधा आहे: कागद फळीवर लावून नजरेसमोर उभा धरा आणि त्याची वरची कड डोळ्यांपासून साधारण खालच्या कडेइतकीच दूर ठेवा.

आरशात चूक दिसली तर आकाराचा भाग वाचा. किलकिल्या डोळ्यांनी पकडली तर छायाप्रकाशाचा. दोन्हीत काही सापडलं नाही आणि तरीही चित्र निर्जीव वाटतंय, तर थेट 'सगळं बरोबर आहे, तरी जीव नाही' या भागाकडे जा.

कपाचं तोंड आणि कपाचा तळ

आकाराचा सर्वात नेहमीचा दोष एकाच कपात पुरता दाखवता येतो, म्हणून इथे थोडं थांबू.

कप टेबलावर आहे, तुम्ही खुर्चीत बसला आहात. म्हणजे कपाचं तोंड आणि तळ दोन्ही नजरेच्या पातळीखाली आहेत. गोल तोंड तिरकं दिसतं, म्हणून ते लंबवर्तुळ होतं. आता बहुतेक चित्रांत काय होतं? तोंड पाहिजे त्यापेक्षा जास्त गोल निघतं आणि तळाची रेघ जवळजवळ सरळ. कारण उघड आहे. कपाचं तोंड गोल असतं हे आपल्याला माहीत आहे आणि तळ सपाट टेबलावर टेकतो हेही माहीत आहे. हात दोन्ही माहिती इमानदारीने उतरवतो आणि कप पुढच्या बाजूला घसरल्यासारखा दिसू लागतो.

प्रत्यक्षात याच्या उलट घडतं. नजरेच्या अगदी पातळीवर धरलेलं वर्तुळ एका सरळ रेघेसारखं दिसतं आणि ते जितकं खाली जाईल तितकं उघडत जातं. म्हणजे तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा तळाचं लंबवर्तुळ अधिक गोलसर असतं. कप हातात घ्या, डोळ्यांसमोर धरा आणि हळूहळू मांडीपर्यंत खाली न्या. तोंडाची रेघ उघडत जाताना दिसेल. हे एकदा नीट बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणखी दोन गोष्टी तपासा. लंबवर्तुळाला टोकं नसतात. डाव्या-उजव्या बाजूला अणकुचीदार कोपरा आला असेल तर तो गोल करा. आणि कप सरळ उभा असेल तर लंबवर्तुळाची लांब बाजू आडवी, कपाच्या मधल्या उभ्या अक्षाला काटकोनात असते. शंका आली तर पारदर्शक काचेचा कप असल्यासारखं तळाचं मागचं अर्धंही हलकं काढून बघा. पूर्ण लंबवर्तुळ बरोबर बसलं की पुढचा दिसणारा अर्धा आपोआप बसतो. मग मागचा भाग पुसून टाका.

बाकी आकारांसाठी रिकाम्या जागा काढा. कपाचा कान काढण्याऐवजी कान आणि कप यांच्यामध्ये अडकलेली पोकळी काढा. खुर्चीचे पाय काढण्याऐवजी पायांमधून दिसणाऱ्या जमिनीचे तुकडे काढा. त्या पोकळीला नाव नसतं, ओळख नसते. त्यामुळे तिथे डोळा खोटं बोलू शकत नाही. गुंतागुंतीच्या वस्तूंना, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, चष्मा, सायकल यांना, याच्याइतका खात्रीचा उपाय माझ्या माहितीत दुसरा नाही.

पेन्सिल पुढे धरून माप घेताना कोपर ताठ हवं आणि एक डोळा मिटलेला. कोपर वाकलं की माप बदललं. वस्तूपासून तिच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतरावर बसा. फार जवळ बसलात तर वरचा भाग बघायला मान हलवावी लागते आणि एका चित्रात दोन नजरा येतात. यंत्राची मदत घेण्यात कमीपणा मानू नका. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ मध्ये छापलेल्या लाकडी ठशाच्या चित्रांत एक चित्रकार काचेच्या चौकटीतून समोरच्या माणसाकडे बघत काचेवरच रेघा ओढताना दाखवला आहे. खिडकीच्या काचेवर पुसता येणाऱ्या पेनाने, एक डोळा मिटून, काचेपलीकडे ठेवलेलं टेबल गिरवून बघा. टेबलाची दूरची कड किती आखूड आणि जवळची किती लांब असते, हे पाहून दचकायला होतं.

सगळं करडं, सपाट दिसतंय

आरशात चित्र बरोबर आहे, पण किलकिल्या डोळ्यांनी बघितलं की वस्तू पार्श्वभूमीत विरघळते. माझ्या मते दहातल्या सात चित्रांचं दुखणं हेच आहे. लोक मात्र अशा वेळी बारकावे वाढवत बसतात. मोठी सावली चुकलेली असताना कपावरची नक्षी कितीही नीट काढली तरी कप उठत नाही.

इथेही ओळखच आडवी येते. शर्ट पांढरा आहे हे माहीत असल्यामुळे त्याची सावलीतली बाजूही आपण जवळजवळ पांढरीच ठेवतो. प्रत्यक्षात खिडकीपाशी ठेवलेल्या पांढऱ्या शर्टाची सावलीतली घडी उन्हातल्या राखाडी भिंतीपेक्षा कितीतरी गडद असू शकते. डोळा हा फरक कबूल करत नाही, कारण वस्तूचा 'खरा' रंग ओळखण्यासाठी मेंदू सावली वजा करत असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एडवर्ड एडल्सनने १९९५ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखं एक चित्र तयार केलं. त्यात सावलीतलं फिकट घर आणि उजेडातलं गडद घर अगदी एकाच करड्या छटेचे आहेत, पण मधली घरं झाकल्याशिवाय कोणालाही ते पटत नाही. रोज जगायला मेंदूची ही सवय उपयोगी आहे. चित्र काढताना मात्र तिच्यावर मात करावी लागते.

त्यासाठी एक साधन घरीच करा. जाडसर करड्या कागदाला पेन्सिल जाईल एवढी दोन भोकं पाडा, एकमेकांपासून दोन बोटांवर. कागद हातभर लांब धरून एका भोकातून शर्टाची सावलीतली घडी आणि दुसऱ्यातून मागची भिंत बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं गेल्यामुळे कोणती छटा गडद हे लगेच कळतं. उत्तर अनेकदा अपेक्षेच्या अगदी विरुद्ध असतं, आणि ते उत्तरच कागदावर उतरवायचं.

मग काम करायचं या क्रमाने. कडेला पाच छटांची पट्टी काढा: कोरा कागद, फिकट, मधली, गडद, सगळ्यात गडद. चित्राची सुरुवात दोनच भागांनी करा, उजेड आणि सावली. सावलीचा सगळा भाग एका मधल्या छटेने सपाट भरा. तिथे अजून घड्या नाहीत, बटणं नाहीत. मग सर्वात गडद जागा शोधून ती ठाम ठेवा. आता बाकीच्या छटांना तुलना करायला दोन टोकं मिळाली. बारकावे याच्या नंतर, आणि सावलीतला कोणताही बारकावा उजेडाच्या भागाइतका उजळ होणार नाही याची शपथ घेऊनच.

कागदाचा पांढरा हा तुमच्याकडचा सर्वात मोठा उजेड आहे. त्याच्या पुढे जाता येत नाही. खोलीतली उजळलेली खिडकी काढताना बरेच जण खिडकी कोरी ठेवतात आणि खोली फिकट करडी करतात. मग खिडकी उजळत नाही, नुसती रिकामी दिसते. खिडकी उजळवायची असेल तर खोली वाटते त्यापेक्षा दोन पायऱ्या गडद करा. दिव्याचंही तसंच.

गडद रंग येतच नसेल तर साहित्य तपासा. एचबी पेन्सिल कितीही दाबली तरी काळी होत नाही. कागद दबतो, ग्रॅफाइट चकाकू लागतं आणि प्रकाश पडला की ती जागा उलट उजळ दिसते. ४बी, ६बी अशा मऊ, गडद पेन्सिली वापरा. अगदी काळा हवा असेल तर कोळसा घ्या. पण जिथे कोळसा लागणार आहे तिथे आधी ग्रॅफाइट घोटू नका. त्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही.

कपडा पत्र्याचा दिसतोय

छटा बरोबर आहेत, तरी शर्ट पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा वाटतो. याची तीन कारणं वारंवार सापडतात.

एक, सावलीच्या आतला परावर्तित उजेड जास्त झालाय. टेबलावरून उलटा आलेला हा उजेड सावलीच्या कडेला मंद दिसतो आणि आपल्याला तो सापडल्याचा इतका आनंद होतो की तो ठळक करून टाकतो. लक्षात ठेवा, तो सावलीचाच भाग आहे. दोन, चकाकीचा ठिपका. गुळगुळीत चिनी मातीवर किंवा धातूवर चकाकीची कड धारदार असते. सुती कापडावर, लाकडावर, मातीच्या भांड्यावर ती पसरट आणि अंधुक असते, बऱ्याचदा नसतेच. प्रत्येक वस्तूवर एक पांढरा ठिपका देण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

तिसरं कारण बोटाने घासण्याचं. बोटाने छटा मऊ होतात म्हणून सगळं चित्र घासलं जातं. मग भिंत, कापड, लाकूड, त्वचा सगळ्यांचा पोत एकच. शिवाय बोटाच्या तेलाने कागदावर डाग धरतो आणि नंतर तिथे पेन्सिल नीट बसत नाही. हाताखाली एक जादा कागद ठेवा, आणि मऊपणा हवा तिथे पेन्सिल टोकदार करून हलक्या हाताने थरावर थर द्या.

खुर्चीच्या पाठीवर टाकलेला शर्ट घ्या. घड्या म्हणजे रेघा नव्हेत. कॉलर जिथे खुर्चीच्या कोपऱ्याला अडकलाय, तिथून कापडाचं वजन लोंबतं, आणि घड्या त्याच बिंदूपासून पंख्यासारख्या उघडत खाली जातात. त्यातली एक घडी निवडा आणि तिच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला कापड एकदम वळतं, तिथे कड धारदार आहे. दुसऱ्या बाजूला ते हळूहळू वळतं, तिथे सावली विरत जाते. दोन्ही बाजू सारख्याच धारदार केल्या की कापड लगेच दुमडलेल्या पत्र्यासारखं दिसतं. बाही जिथे गादीवर टेकते तिथे घड्या आडव्या दबून छोट्या होतात. हे तीन प्रसंग, म्हणजे अडकणं, लोंबणं आणि टेकणं, नीट दाखवलेत तर उरलेल्या दहा घड्या सोडून दिल्या तरी चालतात.

पडछायेचंही असंच. कपाच्या तळाशी तिची कड रेखीव असते आणि जसजशी दूर जाते तसतशी मऊ होते. सगळीकडे सारखी कडक कड दिली तर ती सावली राहत नाही, टेबलावर चिकटवलेला काळा कागद वाटते.

दुसऱ्या बैठकीत चित्र बिघडतं

पहिल्या तासात छान चाललेलं असतं. थोड्या वेळाने परत बसता आणि प्रत्येक सावली जराजराशी चुकल्यासारखी वाटते. मग एकेक दुरुस्त करत जाता आणि शेवटी कपावरचा उजेड डावीकडून येतो, बाटलीवरचा समोरून. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. दोन तासांत सावल्या पार फिरलेल्या असतात.

उपाय असा: बसल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत सगळ्या सावल्यांच्या कडा रेघेने आखून घ्या आणि त्या गोठल्या असं समजा. नंतर खोलीत काहीही होवो, त्या रेघा हलवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर बसा. वस्तूंच्या तळाभोवती खडूने खुणा करून ठेवा. उत्तर गोलार्धात राहत असाल तर उत्तरेकडची खिडकी घ्या, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडची. तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, उजेड बराच स्थिर राहतो.

आणि खोलीतला दुसरा दिवा बंद करा. खिडकी आणि ट्यूब दोन्ही चालू असतील तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि कुठल्याच सावलीवर आकार ठरत नाही. अगदी किरकोळ वाटणाऱ्या या उपायाने कित्येकांची चित्रं एका दिवसात सुधारतात. डच चित्रकार व्हर्मीरची आज उरलेली चित्रं जेमतेम पस्तीसच्या आसपास आहेत, आणि त्यातल्या अनेक खोल्यांत उजेड डाव्या हाताच्या खिडकीतूनच येतो. एका खिडकीचा उजेड नीट शिकायला भरपूर वेळ लागतो, आणि तो वेळ वाया जात नाही.

फोटोवरून काढलंय आणि फुगीर दिसतंय

फोटोवरून काढण्याला माझा विरोध नाही. हलणारं मूल किंवा धावतं कुत्रं दुसऱ्या कशावरून काढणार? पण फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची भिंग बहुधा रुंद कोनाची असते. वस्तूच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढला की जवळचा भाग मोठा आणि लांबचा फारच लहान येतो: नाक फुगतं, कपाचं तोंड पसरतं, तळ निमुळता होतो. हा दोष अंतराचा आहे. दोन-तीन मीटर मागे सरका आणि मग झूम करा.

शिवाय आजचे फोन सावल्या आपणहून उजळतात आणि उजेड दाबतात, सगळं दिसावं म्हणून. म्हणजे ज्या छटा मिळवण्यासाठी आपण एवढी खटपट करतोय त्या फोटोत आधीच सपाट झालेल्या असतात. फोटो काढलात तरी पाच मिनिटं प्रत्यक्ष वस्तूसमोर बसून एक छोटं, तळहाताएवढं छटाचित्र करा. कुठली सावली किती गडद होती याचा खरा पुरावा तेच.

रंग मळकट होतात

रंगाबद्दल थोडक्यात. सावली म्हणजे वस्तूचा रंग अधिक काळा, असं धरून चाललात की चित्र काजळतं. सावलीला आजूबाजूचा रंग असतो: खिडकीतून निळसर, शेजारच्या लाल वहीवरून तांबूस. शिवाय रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो. पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचं काम बघणाऱ्या मिशेल शेव्र्युल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळ्या धाग्याला खोली नाही अशी तक्रार आली. त्याने तपासलं तेव्हा रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. म्हणून एखादा रंग चुकीचा वाटला तर तो बदलण्याआधी त्याच्या शेजारचा रंग बघा. जलरंग सुकल्यावर फिके होतात आणि ॲक्रिलिक थोडे गडद. कडेच्या तुकड्यावर सुकवून बघितल्याशिवाय मोठा भाग भरू नका. पिवळ्या बल्बखाली रंगवलेलं चित्र सकाळी परकं वाटत असेल तर दोष बल्बचा आहे.

सगळं बरोबर आहे, तरी जीव नाही

आरशात चूक नाही, छटा नीट, कडा नीट. तरी चित्र दुकानाच्या जाहिरातीतल्या वस्तूसारखं. या दोषावर सर्वात कमी बोललं जातं आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो.

चित्र काढायला बसण्याआधी आपण आवरतो. टेबल पुसतो, चार्जरची वायर काढून ठेवतो, कपाचा टवका भिंतीकडे वळवतो, चपला जोडीने लावतो. आणि त्यासोबत ती वस्तू कोणाची, कशी वापरली जाते, हेच पुसून टाकतो. चपलेचा टाचेकडचा भाग एका बाजूने जास्त झिजलेला असतो, कारण तो माणूस तसाच चालतो. उशीवर डोक्याचा खळगा असतो. दाराच्या कडेला, मूठ जिथे पकडली जाते तिथे, रंग मळून काळसर झालेला असतो. कपाचा टवका टाळला तर कुठलाही कप उरतो. म्हणून आवरू नका. वस्तू जशी सापडली तशीच, तिथेच काढा. मांडणी करायचीच असेल तर नजरेच्या आड येणारी एखादी वस्तू उचला, पण वापराच्या खुणा पुसू नका. फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेने १८४९ मध्ये रस्त्याकडेला खडी फोडणारी दोन माणसं मोठ्या कॅनव्हासवर रंगवली, तेव्हा त्यांचे फाटके कपडे आणि झिजलेली पादत्राणं तशीच ठेवली. वास्तववादाची ओळख झालेल्या चित्रांत ते चित्र धरलं जातं.

दुसरं कारण म्हणजे सगळीकडे सारखाच तपशील. आपल्या नजरेचा खरा तीक्ष्ण भाग फार लहान असतो, जेमतेम दोन अंशांचा, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा. बाकी सगळं अंधुक दिसतं. टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची प्रत्येक कड सारखीच धारदार केली की चित्र बघण्याच्या अनुभवाशी जुळत नाही. आधीच ठरवा: नजर कुठे थांबली पाहिजे? समजा, टवक्यापाशी. मग टवका अगदी स्पष्ट, त्याच्या आजूबाजूचा कप बराचसा स्पष्ट, आणि मागची खिडकी, खुर्चीची पाठ, वायर यांच्या कडा जाणूनबुजून हरवू द्या. सावलीतली कड पार्श्वभूमीत मिसळली तर मिसळू द्या. बघणारा ती मनाने पूर्ण करतो.

विषय अपुरा पडतोय, आणखी 'सुंदर' वस्तू हव्यात, असं वाटायला लागलं तर इटलीतल्या जॉर्जो मोरांडीचं काम बघा. बोलोन्यातल्या आपल्या खोलीत त्याने वर्षानुवर्षं त्याच बाटल्या, डबे, सुरया मांडून चित्रं केली. काही बाटल्यांवर त्याने आधी सपाट रंग फासला, म्हणजे काचेची चकाकी जाऊन नुसता आकार आणि छटा उरतात. चकाकीशी झगडणाऱ्या कोणालाही हा उपाय आज करता येईल. तसाच डेन्मार्कचा विल्हेल्म हामरशॉय: कोपनहेगनमधल्या स्वतःच्या घराच्या जवळजवळ रिकाम्या खोल्या, एखादं दार, जमिनीवर पडलेला खिडकीचा उजेड, एवढ्यावर त्याची कित्येक चित्रं उभी आहेत.

घरातली माणसं बसतच नाहीत

बसवू नका. मुद्दाम बसवलेला माणूस पाच मिनिटांत आखडतो आणि चित्रात ते दिसतं. त्याऐवजी माणूस पुन्हा पुन्हा ज्या स्थितीत येतो ती शोधा: वाचताना, फोन बघताना, इस्त्री करताना. तो हलला की थांबा आणि कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवं रेखाटन सुरू करा. पुन्हा पहिल्या स्थितीत आला की पहिल्या रेखाटनाकडे परता. एका पानावर तीन-चार अपुरी रेखाटनं एकत्र वाढत जातात आणि त्यातलं एखादं पूर्ण होतं. झोपलेलं माणूस हा सर्वात दयाळू मॉडेल.

चेहरा चुकतोय तर सर्वात आधी डोळ्यांची जागा मोजा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण जवळजवळ सगळेच ते वर काढतात, कारण कपाळ आणि केस आपल्याला कमी महत्त्वाचे वाटतात. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा ठेवू नका. पापणीची सावली त्यावर पडलेली असते. दात एकेक वेगळे आखू नका. पापणीचे केस मोजून काढू नका. वरच्या पापणीची एक गडद, कमीजास्त जाडीची कड पुरते. आणि जवळच्या माणसाचा चेहरा बसत नसेल, तर चेहऱ्याआधी त्याची मान आणि खांदे काढा. दुरून येणाऱ्या घरच्या माणसाला आपण नाकाडोळ्यांवरून ओळखत नाही, मानेच्या कलण्यावरून आणि खांद्यांच्या उतारावरून ओळखतो. तो कल पेन्सिल उभी धरून मोजा, कागदावर एका रेघेत ठेवा आणि डोकं त्या रेघेवर बसवा.